‘रोज किती पडतो?’ : शापुरजी सकलातवाला यांनी मांडलेला मजुरीचा हिशोब

(खराडी येथील स्मृतिव्याख्यानमालेत १६ जानेवारी रोजी दिलेले व्याख्यान)



आज १६ जानेवारी. १९३६ साली याच तारखेला लंडनमध्ये एकसष्ट वर्षांचे एक गृहस्थ हृदयविकाराने वारले. जन्म मुंबईचा. आजोळ टाटांचं. सासुरवाडी इंग्लंडमधल्या एका कष्टकरी घरातली. आयुष्याची ऐन वीस वर्षं त्यांनी टाटांच्या पेढीची नोकरी केली आणि ती करता करताच ते ब्रिटिश पार्लमेंटात कामगारांचे खासदार म्हणून निवडून गेले. त्यांचं नाव शापुरजी दोराबजी सकलातवाला. आज मी त्यांच्याविषयी बोलणार आहे. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी या गावातल्या मुलांना हिशोब शिकवला. सकलातवालांनीही आयुष्यभर एक हिशोबच मांडला. म्हणून हा विषय इथे शोभेल असं मला वाटलं.

आणखी एक कारण आहे. संध्याकाळी मी चंदननगरला रिक्षातून उतरलो आणि मुद्दाम चालत इथवर आलो. ज्या रानात तुमच्या आजोबांनी बैल हाकले, मुळा-मुठेच्या पाण्यावर पिकं काढली, तिथे आज काचेच्या इमारती उभ्या आहेत. एक पाळी सुटत होती, दुसरी भरत होती. गळ्यात ओळखपत्र अडकवलेली मुलं-मुली कॅबमधून उतरत होती. गेटवर एक सुरक्षारक्षक उभा होता, वयाने माझ्यापेक्षा थोडा लहान. त्याला विचारलं, ड्युटी किती तासांची? म्हणाला, “बारा.” पगार कोण देतं? म्हणाला, “ठेकेदार.” इमारत कोणाची, आत कंपनी कोणती, ती कोणत्या देशाचं काम करते, यातलं काहीच त्याला ठाऊक नव्हतं. ठाऊक असण्याची गरज आहे असंही त्याला कोणी कधी सांगितलं नव्हतं. सकलातवालांनी आयुष्यभर जे सांगितलं, ते नेमकं याच माणसासाठी होतं.

माझी आत्या मुंबईच्या एका गिरणीत वायंडिंग खात्यात कामाला होती. सुट्टीत मी तिच्या खोलीवर राहायला जायचो. तुटलेलं सूत ती एका हाताने सांधायची. अंगठा आणि तर्जनी एकदा फिरायची की गाठ बसलेली असायची. मी कितीदा निरखून पाहिलं, पण ती गाठ कशी बसते ते मला कधी कळलं नाही. तर्जनीच्या पेरावर सुताने पाडलेली एक बारीक खाच होती, ती मात्र स्पष्ट दिसायची. आत्याची एक सवय होती. कोणीही नवा माणूस भेटला, मग तो पाव विकणारा असो, गोदीतला हमाल असो की शेजारणीचा मुंबईला नुकताच आलेला भाऊ, आत्या नावगाव विचारायची आणि लगेच म्हणायची, “रोज किती पडतो?” मला त्याची लाज वाटायची. पुढे सकलातवाला वाचले तेव्हा कळलं, की आत्या जगातला फार महत्त्वाचा प्रश्न विचारत होती.

आता त्यांच्या आयुष्याकडे येतो.

ब्रिटिश पार्लमेंटात सुरुवातीला जे तीन भारतीय निवडून गेले, ते तिघेही पारशी, तिघांचाही मुंबईशी संबंध, आणि तिघांचे पक्ष तीन. दादाभाई नौरोजी १८९२ साली लिबरल पक्षाकडून हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या मतांनी निवडून आले. १८९५ साली मंचेरजी भावनगरी निवडून आले, ते कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे. तिसरे सकलातवाला. दादाभाईही आधी लंडनला गेले ते व्यापारासाठी. कामा आणि मंडळींच्या पेढीत ते भागीदार होते. हिंदुस्थानातून संपत्ती कशी वाहून जाते याचं त्यांचं गणित व्यापाऱ्याच्या नजरेनेच पक्कं झालं होतं. पण दादाभाईंच्या गणितात एका बाजूला हिंदुस्थान होता आणि दुसऱ्या बाजूला इंग्लंड. सकलातवालांनी त्या गणितात एक ओळ वाढवली. त्यांनी विचारलं, इंग्लंडमध्ये कोणाचं इंग्लंड, आणि हिंदुस्थानात कोणाचा हिंदुस्थान?

त्यांचा जन्म २८ मार्च १८७४चा. वडील दोराबजी व्यापारी. आई जेरबाई ही जमशेटजी नसरवानजी टाटांची सख्खी बहीण. लहान वयातच शापुरजी मामांच्या एस्प्लनेड हाउसमध्ये राहायला आले. सेंट झेवियर्समध्ये शिकले. पुढचा रस्ता आखलेलाच होता. मामांची पेढी, मामांचं नाव, आणि मुंबईच्या धनिक समाजातलं स्थान.

मग प्लेग आला. १८९६च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात पहिले रोगी सापडले, आणि बघता बघता शहर ओस पडू लागलं. जीवाणुशास्त्रज्ञ हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि १८९७च्या जानेवारीत ती आधी स्वतःला टोचून घेतली. तरुण शापुरजी प्लेगनिवारणाच्या कामात हाफकिन यांच्या सोबतीला होते. ज्या चाळींकडे एस्प्लनेड हाउसच्या गाड्या कधी वळत नव्हत्या, त्या चाळींच्या जिन्यांवर हा तरुण चढला.

इथे क्षणभर थांबतो, कारण तोच प्लेग आपल्या दारातही आला होता. नदीपलीकडच्या मुंढव्यात पांडुरंग बाबाजी गायकवाड या मुलाला प्लेग झाला. सावित्रीबाई फुल्यांनी त्याला पाठीवर घेतलं आणि हडपसरच्या ससाणे मळ्यात त्यांचे पुत्र यशवंतराव यांनी उघडलेल्या दवाखान्यात नेलं. पोरगा वाचला, सावित्रीबाई गेल्या. तारीख १० मार्च १८९७. त्याच्या महिनाभर आधी, ९ फेब्रुवारीला, मुंबईत प्लेगग्रस्तांची सेवा करताना नारायण मेघाजी लोखंडे गेले. घराणं खेड तालुक्यातल्या कन्हेरसरचं, माणूस जोतीराव फुल्यांचा सहकारी, आणि हिंदुस्थानातल्या कामगार चळवळीचा पहिला पुढारी. १८८४ साली साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्यांचा अर्ज लोखंड्यांनी सरकारपुढे ठेवला होता. १० जून १८९०ला गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली, ती त्यांच्या लढ्यामुळे. आज शनिवार-रविवार घरी असणाऱ्या प्रत्येकावर त्या माणसाचं ऋण आहे. सकलातवाला आणि लोखंडे कधी भेटले असं मी म्हणणार नाही. पण ज्या रोगात लोखंडे गेले, त्याच रोगाने टाटांच्या भाच्याला कामगाराची खोली आतून दाखवली. इतिहासात अशा जागा असतात. एक हात सुटतो आणि त्याच ठिकाणी दुसरा येऊन लागतो, दोघांनाही ते माहीत नसतं.

प्लेगनंतर शापुरजी मामांच्या एका मोठ्या स्वप्नाच्या कामाला लागले. हिंदुस्थानात पोलादाचा कारखाना काढायचा होता. त्यासाठी लोहखनिज हवं, कोळसा हवा, चुनखडी हवी. हा शोध आपल्या चांदा जिल्ह्यातल्या लोहाऱ्यापासून सुरू होऊन पुढे मध्य प्रांताच्या इतर भागांत आणि पूर्वेच्या जंगलांपर्यंत पोचला. काही वर्षं शापुरजी त्या कामासाठी रानोमाळ फिरले. पुढे साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला, जो कारखाना उभा राहिला, त्याच्या पायाभरणीत या भटकंतीचाही वाटा आहे. जंगलात त्यांना हिवताप जडला, तो पाठ सोडीना. १९०४ साली मामा गेले. १९०५ साली घरच्यांनी शापुरजींना इंग्लंडला पाठवलं. प्रकृतीही सुधारेल आणि मँचेस्टरच्या कचेरीत पेढीचं कामही होईल, असा विचार होता.

डर्बीशायरमधल्या मॅटलॉकला पाण्याचे उपचार घ्यायला ते गेले. तिथल्या उपचारगृहात जेवण वाढणारी एक तरुणी होती, सारा एलिझाबेथ मार्श, म्हणजे सॅली. १४ ऑगस्ट १९०७ला ओल्डहॅममध्ये दोघांचं लग्न झालं. टाटांच्या भाच्याने वाढपीण बायको केली याची त्या काळी किती चर्चा झाली असेल, याची कल्पना तुम्हीच करा. पण दोघांचा संसार शेवटपर्यंत टिकला आणि त्यांना पाच मुलं झाली. ज्या ओल्डहॅममध्ये लग्न लागलं, ते गाव लँकेशायरच्या कापड गिरण्यांचं. म्हणजे शापुरजींच्या एका बाजूला मुंबईच्या गिरण्यांची मालकी असलेलं आजोळ होतं, आणि दुसऱ्या बाजूला लँकेशायरच्या गिरण्यांत राबणाऱ्यांचा शेजार.

त्यांचा विचार इथे घडला असं मला वाटतं. त्यासाठी तेव्हाचा कापडाचा व्यवहार थोडा समजून घ्यावा लागेल.

लँकेशायरचे मालक आणि मुंबईचे मालक एकमेकांचे स्पर्धक होते. मुंबईच्या गिरण्या स्वस्त मजुरीवर चालत. बाया-पोरं सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत राबत. १८८१ साली हिंदुस्थानात पहिला फॅक्टरी कायदा झाला, त्यामागे लँकेशायरच्या मालकांचा जोर होता. मुंबईच्या कामगाराचा त्यांना कळवळा आला होता म्हणून नव्हे, मुंबईचं कापड थोडं महाग व्हावं म्हणून. मुंबईचे मालक उलट म्हणत, हा कायदा म्हणजे आमच्या देशी उद्योगावर घाला. या भांडणात दोन्हीकडचे मालक कामगाराचं नाव घेत होते, पण कामगाराला कोणी विचारत नव्हतं.

सकलातवाला हा व्यवहार आतून पाहत होते. मँचेस्टरच्या आणि पुढे लंडनच्या कचेरीत त्यांच्या टेबलावर दोन्हीकडचे भाव येत. कापसाचा भाव, सुताचा भाव, जहाजाचं भाडं, आणि मजुरी. त्यांच्या लक्षात आलं, की मजुरीचा आकडा एका जागी राहत नाही. मुंबईत मजुरी पडली की ओल्डहॅमच्या कामगाराला मालक सांगतो, बघ, तिकडे किती स्वस्तात होतं. ओल्डहॅमचा कामगार घाबरून कमी पैशांवर तयार झाला, की मुंबईचा मालक म्हणतो, तिकडे मजुरी उतरली, आता तुलाही कमी घ्यावी लागेल. अशी मजुरी दोन्हीकडे घसरत जाते. कलकत्त्याच्या ताग गिरण्या आणि स्कॉटलंडमधलं डंडी हे त्यांचं आवडतं उदाहरण. डंडीतल्या भांडवलदारांनी हुगळीच्या काठी गिरण्या घातल्या, तिथे स्वस्तात ताग विणला, आणि त्याच तागाने डंडीचा कामगार बेकार केला. डंडीतल्या बायकांनी कलकत्त्याच्या मजुराला शत्रू मानलं. सकलातवाला त्यांना सांगत राहिले, तो तुमचा शत्रू नाही. त्याला पुरेसा रोज मिळाला, तर तुमचाही टिकेल.

ऐकायला ही गोष्ट साधी वाटते. पण त्या काळी इंग्लंडच्या भर सभेत एका हिंदी माणसाने गोऱ्या कामगाराला सांगायचं, की तुझ्या पगाराचं भविष्य कलकत्त्यातल्या काळ्या मजुराच्या पगाराशी बांधलेलं आहे, याला छाती लागते. दयेची भाषा त्यांनी कधी वापरली नाही. हिंदुस्थानातल्या गरिबांवर उपकार करा असं ते म्हणाले नाहीत. ते म्हणाले, हा तुमचाच हिशोब आहे, नीट वाचा. व्यापाऱ्याच्या घरातून आल्यामुळेच त्यांना हे इतक्या ठामपणे सांगता आलं. दुसरे पुढारी अन्यायावर बोलत, सकलातवाला भावावर बोलत.

१९०९ साली मँचेस्टरमध्ये ते इंडिपेंडंट लेबर पार्टीत गेले. पहिल्या महायुद्धाच्या काळात लंडनमध्ये वर्कर्स वेल्फेअर लीग ऑफ इंडिया ही संघटना उभी करण्यात ते पुढे होते. हिंदी कामगाराला ब्रिटिश कामगाराच्या बरोबरीचे हक्क मिळावेत हा तिचा हेतू. १९२० साली मुंबईत आयटक ही देशभरच्या कामगार संघटनांची मध्यवर्ती संघटना स्थापन झाली, तेव्हा आपल्या कामगारांचं म्हणणं इंग्लंडमध्ये मांडायला ही लीग होती. १९२१ साली ते कम्युनिस्ट पक्षात गेले.

आणि हे सगळं चालू असताना नोकरी टाटांचीच होती. हा ताण किती मोठा होता ते पुण्यात वेगळं सांगायला नको. १९२१च्या एप्रिलमध्ये आपल्याच जिल्ह्यात मुळशीचे मावळे टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रहाला बसले होते. सत्याग्रहाचे पुढारी भुस्कुटे आणि सेनापती बापट त्यांच्यासोबत होते. त्या वेळी सकलातवाला टाटांच्या लंडनच्या कचेरीत होते. ज्या घराने त्यांना वाढवलं, ज्या घराच्या पगारावर त्यांची मुलं शिकत होती, त्याच घराच्या कामांवर कष्टकरी माणसं प्रश्न विचारत होती. हा पेच त्यांना सुटला नाही, आणि मला त्यात लाजिरवाणं काही वाटत नाही. आपल्यापैकी किती जण स्वतःच्या पोटाच्या विरुद्ध विचार करायचं धाडस करतात? अखेर १९२५ साली त्यांनी टाटांची नोकरी सोडली. त्यांच्याच घराण्यातले नवरोजी सकलातवाला पुढे १९३२ साली टाटा समूहाचे अध्यक्ष झाले. आडनाव एक, घर एक, आणि वाटा दोन. दोघांच्याही निष्ठेबद्दल मला शंका नाही. पण आज आपण शापुरजींचा दिवस पाळतो आहोत.

लंडनच्या दक्षिणेला बॅटरसी नावाचा कष्टकऱ्यांचा भाग होता. जॉन आर्चर हे कृष्णवर्णीय गृहस्थ १९१३ साली तिथे महापौर झाले होते. १९२२च्या निवडणुकीत आर्चर सकलातवालांचे निवडणूक प्रतिनिधी होते. लेबर पार्टीच्या पाठिंब्यावर सकलातवाला दोन हजारांहून अधिक मताधिक्याने निवडून आले. डोळ्यांपुढे चित्र आणा. साम्राज्याची राजधानी, गोऱ्या कामगारांची वस्ती, मत मागणारा माणूस मुंबईचा पारशी, आणि त्याच्यासाठी दारोदार फिरणारा गृहस्थ कृष्णवर्णीय. बॅटरसीच्या कामगाराने त्याला मत दिलं, ते हिंदुस्थानवर कृपा म्हणून दिलेलं नव्हतं. हा माणूस आपला हिशोब नीट मांडेल, एवढंच त्याने पाहिलं.

१९२३ साली ते १८६ मतांनी हरले. १९२४ साली लेबर पार्टीने कम्युनिस्टांना उमेदवारी द्यायची नाही असं ठरवलं, तरी ते कम्युनिस्ट म्हणून उभे राहिले आणि ५४२ मतांनी निवडून आले. त्या पार्लमेंटात त्यांच्या पक्षाचे ते एकटेच खासदार होते. एकट्याने उभं राहण्याची त्यांना आधीच सवय होती. १९२२ साली आयर्लंडच्या फाळणीवर शिक्कामोर्तब करणारा कायदा पार्लमेंटात आला, तेव्हाही ते विरोधात उभे राहिले. आयर्लंडचा प्रश्न हा माझाही प्रश्न आहे, असं त्यांचं म्हणणं होतं.

१ मे १९२६ला, खाणकामगारांच्या संघर्षातून देशभर सार्वत्रिक संप होणार हे स्पष्ट झालं असताना, हाइड पार्कमध्ये त्यांनी भाषण केलं. सैनिकांनी आपल्याच कामगार भावांवर गोळी झाडू नये, असं आवाहन त्यांनी केलं. ४ तारखेला अटक झाली. न्यायालयाने सांगितलं, चांगल्या वर्तनाची हमी द्या आणि जा. त्यांनी हमी दिली नाही. दोन महिने ते वर्मवुड स्क्रब्जच्या तुरुंगात राहिले. असे हमीचे कागद या महाराष्ट्राने खूप पाहिले आहेत. ज्यांनी सही केली नाही त्यांची नावं आपण रस्त्यांना देतो.

तुरुंगातून सुटल्यावर, १९२७च्या जानेवारीत, ते हिंदुस्थानात आले. मायदेशी त्यांची ही शेवटचीच भेट ठरली. मुंबईपासून त्यांनी दौरा सुरू केला. ठिकठिकाणी प्रचंड सभा झाल्या. मार्चमध्ये त्यांनी गांधीजींना उघड पत्र लिहिलं. पत्राचा सूर कडक होता. लोक तुमचे पाय धरतात, तुम्हाला महात्मा म्हणतात, हे तुम्ही थांबवत का नाही? चरखा गरिबाच्या हाती देता, पण गिरणी कामगाराची संघटना देशभर बांधायला तुम्ही पुढे का येत नाही? अहमदाबादचा मजूर महाजन हा तुमच्या प्रभावाखालचा कामगार संघ आयटकच्या बाहेर का ठेवता? गांधीजींनी ‘यंग इंडिया’त त्याला उत्तर दिलं. या माणसाच्या तळमळीबद्दल त्यांनी आदर व्यक्त केला, मतभेद स्पष्ट मांडले, आणि आपली वाट सोडायला नकार दिला. दोन मोठी माणसं एकमेकांशी भर चौकात कशी भांडतात, कडक शब्दांत पण मान राखून, हे शिकायचं असेल तर तो पत्रव्यवहार वाचावा. आपल्या आजच्या जाहीर भाषेला त्याची फार गरज आहे.

त्यांच्या भेटीनंतर वर्षभरातच, २६ एप्रिल १९२८ला, मुंबईतल्या गिरण्यांचा सार्वत्रिक संप सुरू झाला. सुमारे दीड लाख कामगार सहा महिने संपावर होते. डांगे, मिरजकर, जोगळेकर, निंबकर, अर्जुनराव आळवे ही नावं त्या संपातून वर आली. आळवे स्वतः गिरणी कामगार. कोकणातून आणि घाटावरून आलेली आपली माणसं लाल बावट्याखाली जमली. पुढच्या वर्षी २० मार्चला, कम्युनिस्ट आणि कामगार पुढाऱ्यांवर भरलेल्या मीरत कटाच्या खटल्यात, डांग्यांसह अनेकांना पकडण्यात आलं. या कैद्यांच्या बाजूने इंग्लंडमध्ये आवाज उठवणाऱ्यांत सकलातवाला होते. त्यांना स्वतःला मात्र परत येता आलं नाही. ब्रिटिश सरकारने त्यांच्या पासपोर्टवरून हिंदुस्थान काढून टाकला. जिथे जन्म झाला तो देश त्यांना बंद झाला.

त्यांच्यातला माणूस मला सर्वांत जास्त दिसतो तो १९२७च्या जुलैमध्ये. त्यांनी लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये आपल्या पाचही मुलांची नवजोत केली. सदरा आणि ‘कुस्ती’ हा कमरेचा पवित्र धागा देऊन मुलांना पारशी धर्मात घेण्याचा हा विधी. कम्युनिस्ट पक्षाने त्यांच्यावर जाहीर टीका केली. त्यांनी टीका ऐकली, पण आपलं कृत्य नाकारलं नाही. आई इंग्रज, वडील देशोधडीला लागलेले, मग मुलांना काहीतरी आपलं द्यावं असं त्या बापाला वाटलं असेल. धर्मावर विश्वास होता की नाही याचा निवाडा मी करणार नाही. पण तत्त्वाच्या माणसालाही कुळाची ओढ असते, आणि ती मान्य केल्याने तत्त्व लहान होत नाही, असं मला मनापासून वाटतं.

त्यांची चूकही सांगितली पाहिजे, नाहीतर हे स्मरण अपुरं राहील. १९३४ साली ते सोव्हिएत देशात फिरून आले आणि तिथल्या प्रगतीने भारावून गेले. त्याच्या एक-दोन वर्षं आधी त्याच देशात भीषण दुष्काळाने लाखो शेतकरी मेले होते. तिथल्या सत्तेला सकलातवालांनी तो प्रश्न विचारला नाही, जो ते लंडनच्या आणि मुंबईच्या सत्तेला विचारत आले होते. हिशोब मांडणाऱ्याने एक वही न तपासता मिटून ठेवली. ज्याच्यावर आपला जीव आहे, त्याच्याच वहीकडे जास्त बारकाईने पाहावं लागतं, हा धडा त्यांच्या आयुष्यातून आपण घ्यावा.

१९२९च्या निवडणुकीत ते हरले आणि पुन्हा पार्लमेंटात गेले नाहीत. शेवटपर्यंत मात्र सभा घेत राहिले. निधनानंतर त्यांच्या अस्थी लंडनजवळ ब्रुकवुडच्या स्मशानभूमीतल्या पारशी भागात ठेवण्यात आल्या. जमशेटजी मामांची चिरविश्रांतीही तिथेच आहे. आयुष्यभर दोन टोकांना राहिलेले मामा-भाचे अखेर एकाच जागी आले.

आता मी परत खराडीत येतो.

माझा एक विद्यार्थी इथल्याच एका इमारतीत काम करतो. कंपनीचं नाव मी घेणार नाही, आणि घ्यायची गरजही नाही. दहा-बारा वर्षांपूर्वी तो नोकरीला लागला, तेव्हा त्याला पहिलं काम मिळालं ते केटीचं. तुमच्यातल्या अनेकांना हा शब्द पाठ आहे. नॉलेज ट्रान्स्फर. इंग्लंडमधला एक माणूस रोज दुपारी व्हिडिओवर यायचा आणि आपलं काम माझ्या विद्यार्थ्याला शिकवायचा. कोणती फाइल कुठे ठेवायची, कोणत्या ग्राहकाशी कसं बोलायचं, सगळं. सहा आठवडे हे चाललं. शेवटच्या दिवशी त्या माणसाने सांगितलं, उद्यापासून मी नाही, हे काम आता तुझं. माझा विद्यार्थी मला म्हणाला, “सर, मला त्याचा पगार विचारायचा होता. पण धीर झाला नाही.” गेल्या वर्षी त्याला निरोप आला, आता तू दुसऱ्या देशातल्या एका मुलीला केटी दे. यंत्रालाही शिकव, कारण काही भाग पुढे यंत्रच करणार आहे. तो माझ्याकडे आला तेव्हा रात्रभर झोपला नव्हता.

मी त्याला डंडी आणि कलकत्त्याची गोष्ट सांगितली. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “म्हणजे इंग्लंडमधला तो माणूस आणि मी एकाच बाजूला होतो.” शंभर वर्षांपूर्वी बॅटरसीच्या कामगारांना जे कळायला सकलातवालांना अनेक सभा घ्याव्या लागल्या, ते या मुलाला एका रात्रीत कळलं, कारण घाव त्याने स्वतः सोसला होता.

मी हे निराशेने सांगत नाही. या इमारतींनी तुम्हाला काम दिलं, घरं दिली, मुलांना शिक्षण दिलं, हे मी जाणतो. सकलातवालाही गिरणी बंद करा असं कधी म्हणाले नाहीत. पोलादाच्या कारखान्यासाठी त्यांनी स्वतः जंगलं तुडवली होती. त्यांचं सांगणं एवढंच होतं, की काम जगभर फिरतं, मग त्या कामाच्या रोजाची माहितीही जगभर फिरली पाहिजे. जिथे मजुराला मजुराचा रोज माहीत नसतो, तिथे मालकाला सगळ्यांचे रोज माहीत असतात.

म्हणून मी तुम्हाला एक मागणं करतो. उद्या तुमच्या पडद्यावर जो कोणी असेल, इंग्लंडचा, पोलंडचा, मनिलाचा, त्याला विचारा. गेटवरच्या त्या बारा तासांच्या माणसाला विचारा. रात्रीच्या कॅबच्या चालकाला, कॅन्टीनमध्ये भांडी घासणाऱ्या मावशीला विचारा. संकोच वाटेल. मलाही आत्याचा संकोच वाटायचा. पण तिने विचारलं की समोरचा माणूस आधी चमकायचा आणि मग खाली बसून सगळं सांगायचा. किती तास, किती खाडे, मुकादमाने किती कापले. कारण त्याला तोवर कोणी विचारलेलंच नसायचं.

रोज किती पडतो?